ती जागा भरू नकोस

कोल्हापूर, शनिवार पेठ

चि. ऋतुजास,


तुझा टँगोचा व्हिडिओ तीनदा बघितला. दोनदा आवाज ठेवून, एकदा बंद करून. तिन्ही वेळा नाच सारखाच दिसला, आणि हीच माझी तक्रार आहे.

नानाकाकाला टँगोतलं काय कळतंय, म्हणशील. पण चाळीस वर्षं ढोलकी वाजवलीय. पाऊल ठेक्यावर पडतंय की ठेक्यामागनं पळतंय, एवढं कळतं. तुझा जोडीदार छान थांबतो. तो थांबला की तू बुटाच्या टोकानं फरशीवर वेलबुट्टी काढायला लागतेस. तिकडं बँडोनिऑन एक सूर ओढून धरतोय, तो ऐकायचा कुणी?

मीही असाच होतो. बाविशीत लावणीच्या एका बैठकीला साथीला बसलो. बाई वयस्क, गुडघ्यानं अधू. उभ्या राहिल्याच नाहीत. ओळ घेतली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि थांबल्या. मला ती रिकामी जागा सोसेना. तोडा घातला, तिहाई घेऊन दणक्यात समेवर आलो. लोक खूश. बाईंनी तीच ओळ परत धरली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ती जागा माझी हुती, दादा." या खेपेला मी नुसता ठेका धरला. पदर बोटावरनं सुटत गेला, शेवटचा वेढा बरोबर समेवर निघाला, आणि पापणी खाली. बस्स. माझा तोडा म्हणजे जत्रेतली पिपाणी वाटली मला.

लावणीच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. त्यांचं नाव झालं ते बसून केलेल्या अदेनं.

तुझ्या नाचाचंही तसंच असणार. ब्युनोस आयर्सच्या मिलोंगात, म्हणजे टँगोच्या मैफलीत, जोड्या दाटीनं, घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतात. तिथं लाथा उडवायला जागा कुठली? दिवाळीत महाद्वार रोडवर हात पसरून चालून बघ एकदा.

प्रत्येक मात्रेवर पाऊल टाकलं की लय साधली, असं नसतं. केरव्याच्या आठही मात्रा मी भरीव वाजवल्या तर उठून जातील लोक. तू पाठवलेल्या टँगोच्या वादकांतला कार्लोस दि सार्ली मला आवडला. त्याचं 'बाहिया ब्लांका' लाव आणि अख्खं गाणं नुसती चाल. नटायचं नाही. मग द'आरिएन्सो लाव. त्याला लयीचा राजा म्हणायचे ते उगाच नाही; ठेका असा टोचतो की पाऊल आपोआप आखूड होतं. दोघांवर सारखीच चाललीस, तर ऐकलं नाहीस असं समज. पुल्येसेच्या वाटेला एवढ्यात जाऊ नकोस. तो लय ताणतो, सोडतो, आणि नवशिक्याला वाटतं की इथं काहीही खपतंय.

पाठ मात्र ताठ ठेवतेस, ते आवडलं. आईवर गेलीस.

दिवाळीला ये. ढोलकी चढवून ठेवतो. मी वाजवीन, तू माजघरात चाल. ते उंच टाचेचे बूट आणू नकोस. नवी फरशी घातलीय, घसरते.

तुझा,
नानाकाका