लाचा तळ्याकाठचा तालुका

रशिया देशाचे नाव तुम्ही ऐकले असेल. हा देश केवढा? आपल्या भारतासारखे पाच देश त्यात मावतील. एवढ्या मुलखाचा कारभार एका जागी बसून कसा चालणार? म्हणून देशाचे प्रांत पाडले आहेत. बहुतेक प्रांतांना तिकडे ‘ओब्लास्त’ म्हणतात. ओब्लास्तचे जे लहान भाग, ते ‘रायोन’. रायोन म्हणजे साधारण आपला तालुका समजा. या धड्यात आपण असा एकच तालुका पाहू. त्याचे नाव कार्गोपोल.

नकाशा असेल तर समोर घ्या. मॉस्को शहर शोधा. तिथून बोट सरळ वर, उत्तरेकडे न्या. वर पांढरा समुद्र लागेल. हिवाळ्यात तो गोठतो. त्या समुद्राच्या अलीकडे लाचा नावाचे तळे आहे. तळे म्हणायचे, पण त्याचा पसारा ३०० चौरस किलोमीटरांहून अधिक! खोली मात्र बेताची. पुष्कळ ठिकाणी पुरुषभर पाणी. या तळ्यातून ओनेगा नदी निघते आणि उत्तरेला ४०० किलोमीटर वाहत जाऊन पांढऱ्या समुद्राला मिळते. नदी तळ्यातून बाहेर पडली की थोड्याच अंतरावर तिच्या काठी कार्गोपोल गाव लागते. तेच तालुक्याचे ठाणे. प्रांताचे मुख्य शहर आर्खांगेल्स्क. ते दूर, समुद्राजवळ आहे.

तालुका सुमारे १० हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून मोठा, बरे का! आणि माणसे किती? २०१० सालच्या खानेसुमारीत साडेअठरा हजारांच्या आसपास भरली. त्यांतली निम्म्याहून जास्त ठाण्याच्या गावीच राहणारी. हिशेब केला तर एका चौरस किलोमीटरला दोन माणसेही येत नाहीत. मग बाकी आहे काय? रान. पाइन, स्प्रूस आणि भूर्ज यांचे घनदाट रान, आणि दलदल.

पण खुद्द कार्गोपोलच्या आसपास जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे. पाणी त्यात मुरते, जमीन कोरडी राहते. म्हणून जुन्या लोकांनी तिथे रान तोडून शेते केली. हा दगड मोठा गमतीचा. ओशेवेन्स्क नावाच्या वस्तीजवळ खालुय नावाची एक नदी चालता चालता जमिनीत गडप होते आणि पुढे पुन्हा वर येते!

हिवाळा लांबलचक. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ. डिसेंबरात सूर्य पाच-सहा तासच दिसतो. उलट जूनमध्ये रात्र पुरती काळोखी होतच नाही. पीक काय ते उन्हाळ्याच्या चार दिवसांत काढायचे. राय, जव, ओट आणि बटाटे. अळशीही लावीत. तिच्या देठांच्या वाखाचे कापड विणीत. गुरांना सहा-सात महिने बाहेर चरायला मिळत नाही, म्हणून गवत कापून साठवणे हे मोठेच काम. जुनी घरे लाकडी ओंडक्यांची. माणसे आणि गुरे एकाच लांब छपराखाली. पुढे माणसांच्या खोल्या, मागे खाली गोठा, गोठ्यावर गवताचा माळा. बर्फात दार उघडावे न लागता दूध काढता येते. घरात भली मोठी चूल. थंडीत म्हातारी माणसे चुलीच्या माथ्यावरच झोपत. सोय पाहून बांधलेली घरे ती. आपल्याकडच्या घरांना हसणाऱ्यांनी तीही पाहावीत.

एके काळी कार्गोपोलचा मोठा दबदबा होता. पांढऱ्या समुद्राचे मीठ नावांतून याच नदीने वर येई. खारींच्या कातड्यांचाही व्यापार चाले. १५६२ सालचे पांढऱ्या दगडाचे मोठे चर्च तिथे अजून उभे आहे. पुढे १७०३ साली सेंट पीटर्सबर्ग शहर वसले आणि व्यापार तिकडे वळला. आर्खांगेल्स्कची आगगाडी आली तीही कार्गोपोलला टाळून. सर्वांत जवळचे स्टेशन न्यांदोमा, सुमारे ८० किलोमीटरवर. गावावरून रस्ता गेला नाही की गावाचे काय होते, हे तुम्हांला सांगायला नको.

आता कारभाराकडे वळू.

कार्गोपोलचा रायोन १९२९ साली झाला. तेव्हा सोव्हिएत राज्य होते. रायोनाच्या खाली गावांचे गट केले. दर गटाला एक ‘सेलसोव्हिएत’, म्हणजे गाव-पंचायतीची कचेरी. जन्म, मृत्यू, लग्न यांची नोंद तिथे. जमिनी एकत्र करून सामुदायिक शेते झाली. त्यांना ‘कोलखोज’ म्हणत.

इथे एका कागदाची गोष्ट ध्यानात घ्या. १९३२ साली सरकारने देशात पासपोर्ट सुरू केले. हे पासपोर्ट परदेशी जाण्याचे नव्हेत, देशातल्या देशात लागणारे. शहरात राहायचे तर पासपोर्ट हवा. तो शहरवाल्यांना मिळाला, पण कोलखोजच्या शेतकऱ्याला बहुतेक ठिकाणी मिळाला नाही. बाहेरगावी जायचे तर सेलसोव्हिएतचा दाखला आणायचा. दाखला नाही, तर जायचे नाही! सगळ्यांना पासपोर्ट द्यायचा ठराव झाला १९७४ साली, आणि वाटप सुरू झाले १९७६ साली. म्हणजे चाळीसहून जास्त वर्षे शेतकऱ्याचे येणेजाणे एका सहीशिक्क्याला बांधलेले होते.

त्याच सुमारास दुसरे एक घडले. सरकारी अधिकाऱ्यांनी गावांच्या याद्या केल्या. कोणत्या गावाला पुढे दिवस आहेत आणि कोणत्याला नाहीत, हे कागदावर ठरवले. ज्याला दिवस नाहीत असे ठरले, तिथे नवे बांधकाम नाही. मग शाळा बंद. मग दुकान बंद. शाळा गेली की तरुण जोडपी गाव सोडतात. अशा रीतीने उत्तरेकडची कितीतरी गावे ओस पडली. यादी करणाऱ्यांनी एकदा हिवाळ्यात तिथे राहून पाहायला हवे होते, असे आम्हांला वाटते.

१९९१ साली सोव्हिएत राज्य मोडले. २००३ साली स्थानिक कारभाराचा नवा कायदा आला. त्यानुसार कार्गोपोल तालुक्यात एक शहराचा आणि पाच खेड्यांचे असे सहा भाग झाले. प्रत्येक भागाची निवडलेली माणसे, प्रत्येकाची कचेरी. पण माणसे थोडी, कराचा पैसा त्याहून थोडा. कचेरीचाच खर्च निघेना, तर रस्ता कशातून करायचा? म्हणून २०२० साली हे सगळे भाग मोडून एकच ‘ओक्रुग’ केला. आता एकच निवडलेली सभा आणि एकच मुख्य कचेरी. ती कार्गोपोल गावी.

यात खर्च वाचतो, हे खरे. पण ओशेवेन्स्कहून कार्गोपोल सुमारे ४० किलोमीटर आहे. चाळीस किलोमीटर मोटारवाल्याला काहीच नाहीत. सत्तर वर्षांच्या बाईला, वसंतात बर्फ वितळून कच्चा रस्ता चिखलात बुडालेला असताना, ते फार आहेत. तिथे लहान वस्तीला डॉक्टर नसतो. डॉक्टरखालचे शिक्षण घेतलेली व्यक्ती औषधपाणी पाहते. तिला ‘फेल्डशर’ म्हणतात. जिथे दुकान उरले नाही तिथे दुकानाची मोटार येते, तीही रस्ता असेल तेव्हा.

मग गावचे गाऱ्हाणे कचेरीपर्यंत नेणार कोण? २०१८ च्या कायद्याने यासाठी एक जुने पद पुन्हा आणले आहे. त्याचे नाव ‘स्तारोस्ता’. गावची बैठक नाव सुचवते, निवडलेली सभा नेमणूक करते. स्तारोस्ता सरकारी नोकर नसतो. तो बहुधा गावातच राहतो. दिवा लागत नाही, पूल मोडला, विहीर आटली, हे तो कचेरीत जाऊन सांगतो आणि कचेरीचा निरोप गावात आणतो. शिवाय एका वस्तीचे लोक आपले मंडळ करून नोंदवू शकतात. आर्खांगेल्स्क प्रांतात अशी मंडळे पुष्कळ आहेत. सरकार थोडी रक्कम देते, अंगमेहनत लोकांची. गाव करी ते राव काय करी, ही म्हण तिथेही शोभेल. अशा मंडळांनी विहिरी दुरुस्त केल्या आहेत, मुलांना खेळायला अंगणे केली आहेत.

मात्र स्तारोस्त्याची सही दाखल्यावर चालत नाही. दाखल्यावर सही कचेरीचीच लागते.