बेअरिंग शाबूत होतं

वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल करत होतो. पितळेच्या सिलिंडर ब्लॉकची एक बाजू मिलिंगवर सपाट करायची होती. त्या बाजूवर स्लाइड व्हॉल्व्ह सरकतो, ती सपाट नसली की वाफ गळते. कटर फिरून गेला आणि मागे लाटा उमटल्या, नखाला लागतील अशा. मशीन सात वर्षं वापरलेलं, टेबलावर मावणारं, चिनी बनावटीचं. बेअरिंग गेलं, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. एकही माप घेतलं नाही.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर हाकेवर असताना बेअरिंग मिळणं अवघड नाही. माझ्या स्पिंडलला वर-खाली ६२०६ आहेत. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक कळतं, म्हणजे ३० मिलिमीटर. एवढं मला ठाऊक होतं. खोक्यावर पुढे 'सी ३' छापलं होतं, त्याचा अर्थ मी विचारलाही नाही. या मापाच्या साध्या बेअरिंगमध्ये ५ ते २० मायक्रॉन मोकळीक असते, सी ३ मध्ये १३ ते २८. तापणाऱ्या मोटारीला ती जास्तीची मोकळीक लागते. मिलिंगच्या स्पिंडलला ती नकोच असते. त्यामुळे दुकानात 'स्पिंडलसाठी हवंय' असं स्पष्ट सांगा. त्याच मापात ७२०६ हे अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगही मिळतं. ते जास्त चांगलं, पण जोडीने, योग्य तोंड करून आणि बेताचा ताण देऊन बसवायचं असतं. टेपर रोलरचं ३०२०६ मात्र जाडीला सव्वा मिलिमीटर जास्त भरतं, ते मापून मगच घ्या.

यापेक्षा मोठी चूक पुढे झाली. नवं बेअरिंग स्पिंडलवर जाईना म्हणून पाइपचा तुकडा बाहेरच्या रिंगवर टेकवला आणि हातोडीने ठोकलं. अशा वेळी प्रत्येक ठोका बाहेरच्या रिंगमधून गोळ्यांवर आणि गोळ्यांतून आतल्या रिंगच्या खोबणीवर पडतो. तिथे बारीक खड्डे पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना कळतात. रिंग अगदी सावकाश फिरवली की ठरावीक अंतरावर अडखळल्यासारखं लागतं. मशीन सुरू केल्यावर आधी कधी न ऐकलेली घरघर आली. आणि लाटा होत्या तशाच.

जी रिंग घट्ट बसणार आहे, जोर तिच्यावरच द्यायचा. स्पिंडलवर चढवताना आतल्या रिंगवर, हेडच्या घरात बसवताना बाहेरच्या. त्याहून बरं म्हणजे स्पिंडल रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावा आणि बेअरिंग ८० अंशांपर्यंत तापवावं. हातोडी न लावता ते आपोआप घसरत जातं. सीलबंद बेअरिंग गरम तेलात मात्र बुडवू नका, आतलं ग्रीस पातळ होऊन जातं. आणि खोलण्याआधी प्लग काढा, हेडखाली लाकडी ठोकळा द्या. पकड सुटली की हेड खाली येतं आणि त्याचं वजन हाताला झेपत नाही.

शेजारचे काका ऑइल इंजिनच्या कारखान्यात फिटर होते. आवाज ऐकून आले. म्हणाले, "मापायच्या आधी खोललंस व्हय?" मग त्यांनी डायल इंडिकेटर मागितला. मॅग्नेटचा स्टँड हेडलाच चिकटवला, डायलचं टोक स्पिंडलच्या नाकावर टेकवलं आणि लाकडी दांडक्याने स्पिंडल बाजूला रेटला. अशा मापात फक्त बेअरिंगचा प्ले दिसतो. काटा ०.०३ हलला. मग स्टँड कॉलमवर नेला, टोक हेडवर ठेवलं, हेड रेटलं. काटा ०.१४ वर गेला. कॉलमच्या डोव्हटेलमधली, हेडची सरक बेताची घट्ट धरणारी गिबपट्टी सैल झाली होती. लॉकनट कधीतरी हलले होते आणि कट घेताना अख्खं हेडच डुलत होतं.

गिब लावायला पैसा लागत नाही. लॉकनट ढिले करा, सगळे स्क्रू सारखे आवळत सरक जड होईपर्यंत या, मग किंचित मागे घ्या. लॉकनट आवळताना ॲलन कीने स्क्रू धरून ठेवा, नाहीतर नटाबरोबर तोही फिरतो आणि माप बिघडतं. शेवटी सरक पूर्ण लांबीभर फिरवून बघा.

हेडमधला नायलॉनचा गिअर तुटला तर लगेच पोलादी घालू नका. कटर अडकला की नायलॉनचा गिअर आधी तुटतो आणि मोटार, कंट्रोल बोर्ड वाचतात. एक जादा गिअर कपाटात असू द्या.

टेबलच्या लीड स्क्रूचं गणित वेगळं आहे. काम बहुतेक मधल्या भागात होतं, म्हणून स्क्रू तिथेच जास्त झिजतो. गनमेटलचा नट मधल्या भागाप्रमाणे घट्ट केला की कडेला तो अडकतो, आणि झिजल्या स्क्रूवर नवा नट घातला तर प्ले पुरता जात नाही. माझ्या मशीनवर मध्ये ०.२५ आणि कडेला ०.१० प्ले आहे. म्हणून सध्या मी फीड कटरच्या फिरण्याविरुद्धच देतो, नाहीतर दाते जॉब खेचून घेतात, आणि टेबल दर वेळी एकाच बाजूने मापावर आणतो. स्क्रू आणि नट जोडीने मिळाले की दोन्ही एकदमच बदलणार आहे.