कॉपी केली म्हणून वाचलं! – दुर्लक्षित सिनेमे, सबटायटल आणि आपला वर्ग



कॉपी म्हटलं की आपल्याला परीक्षा आणि भरारी पथकच आठवतं. पण आज जरा वेगळ्या कॉपीबद्दल बोलूया.

आपल्या शेजारच्या पैठणचंच उदाहरण घ्या. ज्ञानेश्वरी शेकडो वर्षं लोकांनी हाताने उतरवून घेतली. उतरवताना चुका शिरल्या, पाठभेद झाले. मग शके १५०६ म्हणजे इ.स. १५८४ मध्ये एकनाथ महाराजांनी पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. पण भाविकांनी पोथ्या उतरवल्याच नसत्या, तर ताडायला काय उरलं असतं?

सिनेमाचंही तसंच

भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) आज पाहायला मिळत नाही, कारण त्याची एकही प्रत उरलेली नाही. याउलट दोन चित्रपट पहा.

१) 'घाशीराम कोतवाल' (१९७६) : तेंडुलकरांच्या नाटकावरचा मराठी चित्रपट. त्याची एक प्रत बर्लिनच्या 'आर्सेनल' या चित्रपट संस्थेने सांभाळली आणि पुढे तिची डिजिटल प्रत केली. मराठी सिनेमा, पण जपला जर्मनीत!

२) 'ओम दर-ब-दर' (१९८८) : कमल स्वरूप यांचा हिंदी चित्रपट. तो तेव्हा थिएटरात लागलाच नाही. चाहत्यांनी व्हिडिओ कॅसेटच्या कॉप्या एकमेकांना दिल्या. कॉपीची कॉपी, चित्र अंधुक, आवाज खरखरीत. तरी लोक पाहत राहिले. शेवटी जानेवारी २०१४ मध्ये सुधारित प्रत थिएटरात आली.

भाषेचं काम काय?

सिनेमा दुसऱ्या भाषेत गेला की त्याला नवे पाहणारे मिळतात. प्रभातने १९३७ मध्ये 'कुंकू' मराठीत आणि 'दुनिया न माने' हिंदीत केला, तो यासाठीच. आज हे काम सबटायटल करतं. सबटायटलची फाईल साधी असते. ओळीचा क्रमांक, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ आणि खाली वाक्य, बस्स! नोटपॅडमध्येही ती लिहिता येते. त्यामुळे कुणीही चाहता आपल्या भाषेत भाषांतर करू शकतो, दुसरा त्यातल्या चुका दुरुस्त करतो. पोथ्यांसारखंच की!

एक गोष्ट मात्र मुलांना स्पष्ट सांगा. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो. नवा सिनेमा चोरून पसरवणं म्हणजे जतन नव्हे, त्यात कलाकाराचं नुकसान आहे.

वर्गात करून पहा (सहावी-सातवी)

• 'कुंकू'मधला दोन मिनिटांचा प्रसंग दाखवा. त्याच्या हक्काची मुदत कधीच संपली आहे. म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न मान्य न करणारी नीरा मुलींना लगेच कळते. बालविवाहाचा प्रश्न आपल्या जिल्ह्याला काही नवा नाही.
• गट करा. प्रत्येक गटाने संवाद ऐकून वेळेसह लिहायचे.
• मग तेच संवाद घरच्या बोलीत लिहायचे. तांड्यावरची मुलं गोरमाटीत लिहितील, कुणी उर्दूत, कुणी आपल्या गावच्या मराठीत.
• शेवटी वह्या बदलून एकमेकांचं लिखाण ताडून पहायचं.

यात ऐकणं, लिहिणं, भाषांतर, वेळेचं गणित सगळं येतं. पण माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे. दिवाळीच्या सुमारास आपली कितीतरी मुलं आईबापासोबत ऊसतोडीला जातात. त्यांची बोली वर्गात कुणी विचारत नाही, म्हणून ती गप्प बसतात. आपली भाषा पडद्यावर उमटलेली पाहिली की तेच मूल बोलायला लागतं.

पालकहो, तुमच्यासाठीही एक काम आहे. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, तांड्यावरची गाणी तुमच्या मोबाईलमध्ये असतील. मोबाईल पाण्यात पडला की सगळं गेलं! त्याची कॉपी दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि शब्द मुलांकडून लिहून घ्या. एकुलती एक प्रत कधी ना कधी हरवतेच. दहा घरांत असलेली सहसा हरवत नाही.