शेणखताने जमिनीतली हवा वाढते की घटते?

प्रश्न : आमचं रान भारी, काळं. दरवर्षी रोटाव्हेटर मारतो, पेरणीच्या तोंडावर शेणखत टाकतो. तरी पावसाने चार दिवस झड लावली की सोयाबीन पिवळं पडतं. जमिनीत हवा नाही, असं सगळे सांगतात. एवढ्या भुसभुशीत रानात हवा कशी नाही?
(एक शेतकरी, लातूर जिल्हा)

उत्तर : भुसभुशीतपणा वरचा आहे, अडचण बहुधा वीतभर खाली असावी. रोटाव्हेटरची पाती दरसाल त्याच खोलीवर फिरतात. वरची माती पिठासारखी होते आणि पात्यांखाली कडक थर धरतो. मोठ्या पावसात ते पीठ मिटतं, पाणी थरावर तुंबतं. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू सरकतो, म्हणून मुळं गुदमरतात. सोयाबीनच्या गाठींतल्या जिवाणूंनाही नत्र धरायला ऑक्सिजन लागतो. वर मातीतला नत्र वायू होऊन उडून जातो. (शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता, चुनखडीच्या रानात ओल साचली की तीही बळावते.)

आता शेणखत. पूर्ण कुजलेल्या खताने मातीचे कण एकमेकांना धरून रवाळ होतात, गांडुळं येतात आणि त्यांच्या बिळांतून हवा खेळते. ही पोकळी पावसाने सहज मिटत नाही. पण खत कच्चं असेल तर ते कुजवणारे जिवाणू मातीतलाच ऑक्सिजन आणि नत्र वापरतात, तेही नेमके कोवळ्या मुळांच्या वेळी. शिवाय हुमणीला आयतं घर मिळतं. पेरणीच्या तोंडावर उकिरड्यातून थेट रानात खत नेणं मला मुळीच पटत नाही. ते आधी खड्ड्यात पुरतं कुजू द्या. काळं, भुरभुरीत झालं आणि शेणाचा वास गेला, की टाका.

कडक थर उन्हाळ्यात, माती कोरडी असताना सबसॉयलरने फोडावा. ओलीत फोडायला गेलात तर माती आणखी दाबली जाते. वापसा येईपर्यंत ट्रॅक्टर रानात घालूच नका. सोयाबीन रुंद सरी-वरंब्यावर घ्या, म्हणजे जादा पाणी सरीतून निघून जाईल. अधूनमधून तूर घ्या. तिची खोल मुळं कुजली की त्यांच्या वाटा हवेसाठी मोकळ्या राहतात.

पण यंत्र भाड्याने आणण्याआधी वापशावर दोन फूट खड्डा घ्या. मुळं एका पातळीवर आडवी वळलेली दिसली, तरच सबसॉयलरचा खर्च करा.