स्वयंभू गंधार ऐकू आला पाहिजे

गेल्या अकरा वर्षांत माझ्याकडे चार प्लेअर आले. पहिला विकला, दुसरा फुगून गेला, तिसरा आईकडे आहे आणि चौथा रोज पर्समध्ये असतो. मी ऐकते ते मुख्यतः ख्यालगायन, थोडं वाद्यसंगीत आणि आईच्या कॅसेटांवरून संगणकात उतरवून घेतलेल्या जुन्या मैफली. कामामुळे आठवड्यातून दोनदा पुण्याहून मुंबईला जावं लागतं. सकाळच्या डेक्कन क्वीनमध्ये तीन तास सलग हाती लागतात. फोनवर ऐकायची तेव्हा विलंबित ऐन रंगात आलं की फोन खणखणायचा, आणि तुटलेला आलाप पुन्हा जोडता येत नाही. म्हणून वेगळा प्लेअर घ्यायचं ठरवलं. तो कसा निवडायचा हे मात्र पैसे आणि वेळ दोन्ही घालवल्यावर कळत गेलं.

१. सगळ्यात आधी तंबोरा

दुकानात प्लेअर दाखवताना बहुतेक वेळा दणदणीत ठेक्याचं गाणं लावतात. अशा गाण्यावर जवळपास प्रत्येक यंत्र छान वाटतं. मी सोबत माझं कार्ड नेते आणि पहिली पाच मिनिटं फक्त दोन तंबोरे ऐकते.

तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती टेकलेली नसते. घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावलेली असते. त्यामुळे तार कंप पावताना घोडीला निसटता स्पर्श करत राहते आणि मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे स्वरांश एकामागून एक उमलतात. नीट लागलेल्या खर्जाच्या तारेतून तिच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा स्वरांश ऐकू येतो. तो गंधार असतो. चारही तारांपैकी एकही गंधाराला लावलेली नसते, तरी तो तिथे असतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. माझ्या गाण्याच्या बाईंनी मला पहिले कित्येक दिवस तो ऐकू येईपर्यंत नुसतं बसवून ठेवलं होतं. ज्या दिवशी तो पहिल्यांदा कानावर आला, तो दिवस मला अजून आठवतो.

प्लेअरची परीक्षा घ्यायला याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही. फाइल खराब असेल तर तंबोरा पाण्याखालून वाजल्यासारखा वाटतो आणि गंधार विरघळून जातो. यंत्रात सरसर असेल तर तीच गंधारावर पसरते. हेडफोन आणि प्लेअर एकमेकांना जुळत नसतील तर जवारी बोथट होते किंवा कर्कश लागते. हे सगळं पहिल्या पाच मिनिटांत कळतं. गायक त्यानंतर.

तुमचं संगीत वेगळं असेल तर तुमचा तंबोराही वेगळा असेल. सतारीची तरफ घ्या, सारंगी घ्या, लावणीतली ढोलकी घ्या. ते वाद्य तुम्ही समोर बसून ऐकलेलं असावं, एवढं मात्र हवंच.

२. फाइल चांगली नसेल तर यंत्र काही करू शकत नाही

मुंबईतलं रिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. त्याआधी तिथून घेतलेल्या सीडी हा माझा मुख्य साठा आहे. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली तेव्हापासून तिचं माप ठरलेलं आहे: १६ बिट, सेकंदाला ४४,१०० नमुने. या मापात एक तास संगीताला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात. फ्लॅक या प्रकारात फाइल आकुंचन पावते, बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास, आणि वाजवताना मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. एमपीथ्रीमध्ये काही भाग कायमचा गाळला जातो. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीचा वर्णपट संगणकावर पाहिला, तर साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं कापलेलं दिसतं. अशी फाइल नंतर फ्लॅक करून कुणी दिली तरी कापलेला भाग परत येत नाही. मी कुठूनही आलेली फाइल आधी वर्णपटात पाहते.

२४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झच्या फाइलींचा मोह मलाही झाला होता. माझ्या भाच्यानं एक २४ बिटची, ९६ किलोहर्ट्झची फाइल घेऊन तिचीच सीडीच्या मापाची प्रत केली आणि मला न सांगता दोन्ही आलटून पालटून सोळा वेळा ऐकवल्या. नऊ वेळा माझं उत्तर बरोबर आलं. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी जवळपास तेवढीच बरोबर आली असती. तेव्हापासून मी जागा आणि पैसे अशा फाइलींवर घालवत नाही. कॅसेट उतरवून घेताना मात्र २४ बिट ठेवते, कारण पातळी जरा कमी धरली तरी पुढे आवाज वाढवायला मोकळीक राहते. काम झालं की शेवटची प्रत १६ बिटची.

३. तुलना करायची तर आवाज समान हवा

दोन यंत्रांत ज्याचा आवाज जरासा मोठा, ते कानाला जास्त मोकळं आणि जिवंत वाटतं. फरक इतका कमी असतो की ‘हा मोठा आहे’ असं वाटत नाही, ‘हा चांगला आहे’ असंच वाटतं. दुकानात मी दोनदा अशीच फसले.

यावर भाच्यानं सांगितलेला उपाय: ५० हर्ट्झचा सलग सूर दोन्ही प्लेअरवर लावायचा, हेडफोन जोडलेला असतानाच मल्टिमीटरनं व्होल्टेज मोजायचं, आणि दोन्हीकडे आकडा एकच येईपर्यंत आवाज कमीजास्त करायचा. ५० हर्ट्झ अशासाठी की स्वस्तातला मल्टिमीटर घरातल्या विजेच्या आसपासच्या कंपनसंख्येवरच भरवशाचा असतो. “आत्या, आता ऐक,” तो म्हणाला, आणि ज्या दोन प्लेअरमध्ये मला जमीनअस्मानाचा फरक वाटत होता, ते डोळे मिटून मला ओळखता येईनात.

त्या दिवसापासून मी डॅकच्या चिपचं नाव विचारणं सोडलं. आकड्यांचा ध्वनी करणारी ही चिप महत्त्वाची आहेच, पण आज मध्यम किमतीच्या यंत्रातही ती पुरेशी चांगली असते. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या, अशा चिप बनवणाऱ्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि अनेक कंपन्यांना आपले प्लेअर दुसऱ्या चिपवर नव्यानं बेतावे लागले. जुन्या चिपच्या आवाजासाठी लोक हळहळले. आवाज समान करून ऐकला असता तर त्यातल्या किती जणांना फरक सांगता आला असता, हा प्रश्न मला मनापासून पडतो.

४. हेडफोन आणि प्लेअरची सोयरीक

पहिला प्लेअर विकला तो याच कारणानं. महागडा होता, दिसायला सुंदर होता. माझे इअरफोन कानाच्या आत बसणारे, प्रत्येक बाजूला चार बारीक ड्रायव्हर असलेले. दोन्ही वेगवेगळे ऐकले तेव्हा उत्तम. एकत्र आले की डग्ग्याचा घुमारा वेगळाच लागे, गायिकेचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटे. मी महिनाभर इअरफोनला दोष देत होते.

कारण साधं आहे. प्रत्येक प्लेअरच्या आउटपुटला स्वतःचा थोडा विद्युत रोध असतो. माझ्या प्लेअरचा १० ओहम होता. माझ्या इअरफोनचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नव्हता. कुठे ८ ओहम, कुठे ४०. जिथे ८ तिथे निम्म्याहून जास्त व्होल्टेज प्लेअरच्या आतच खर्ची पडे. जिथे ४० तिथे जेमतेम पाचवा हिस्सा. गणित केलं तर या दोन जागांमध्ये सुमारे ५ डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे इअरफोन बनवणाऱ्यानं जो तोल साधला होता तो माझ्या प्लेअरनं मोडला होता. प्लेअरचा रोध १ ओहम असता तर हाच फरक १ डेसिबलच्याही आत राहिला असता.

म्हणून आता विकत घेण्याआधी मी पहिला आकडा विचारते तो आउटपुट इम्पिडन्सचा. हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शाहून तो कमी असावा, हा ढोबळ नियम. १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहम किंवा त्याहून कमी. दुकानदाराला हा आकडा ठाऊक नसेल तर मी यंत्र घेत नाही.

मोठ्या हेडफोनचं दुखणं उलटं. माझ्या घरी सेनहायझरचा एचडी ६०० आहे, ३०० ओहमचा. त्याच्याशी रोधाचा प्रश्न येत नाही, पण त्याला व्होल्टेज भरपूर लागतं. एक व्होल्टला तो ९७ डेसिबल देतो. दोन व्होल्टला १०३, चार व्होल्टला १०९. एवढं कशाला लागतं, असं वाटेल. पण जुन्या मैफलींचं रेकॉर्डिंग हळू पातळीवर झालेलं असतं, आलापी तर कुजबुजीइतकी, आणि मग तान येते. तिथे हात आखडून चालत नाही. काही प्लेअरना जाड ४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड आउटपुट असतं आणि तिथून बहुधा दुप्पट व्होल्टेज मिळतं. त्याचा खरा फायदा माझ्या मते एवढाच. कानातले इअरफोन वापरणाऱ्यांनी त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. उलट तिथे सरसर जास्त ऐकू येण्याची शक्यता.

५. रबरी टोपी

गाडीत सगळ्यात मोठा फरक कशानं पडला असेल, तर इअरफोनच्या रबरी टोपीचा योग्य आकार मिळाल्यानं. फट राहिली की खालचे स्वर निसटतात आणि डग्गा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. माझ्या डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला लहान टोपी लागते. बाहेरचा खडखडाट अडला की आवाजही कमी ठेवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. मी ती पाळते. कान दुसरे मिळत नाहीत.

६. ब्लूटूथ

चालताना, ओटा आवरताना चालतं. ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची एलडॅक ही पद्धत सर्वांत वरच्या वेगाला सेकंदाला ९९० किलोबिट पाठवते, सीडीला १,४११ लागतात. आणि पाठवताना ती काही भाग गाळतेच. बसून ऐकायचं असेल तेव्हा वायर.

७. मध्ये खंड पडता कामा नये

आपल्याकडच्या सीडींवर पुष्कळदा एकच राग दोन तुकड्यांत असतो: पहिल्या ट्रॅकवर विलंबित, दुसऱ्यावर द्रुत. गायक थांबत नाही, तंबोरे थांबत नाहीत. ट्रॅकचा आकडा तेवढा बदलतो. काही प्लेअर त्या जागी क्षणभर गप्प होतात. पन्नास मिनिटं जो षड्ज कानात भरून राहिला आहे, त्याला अर्धा सेकंद भोक पडतं. ऐकणाऱ्याला ते शारीरिक धक्क्यासारखं लागतं. एमपीथ्रीत हा धोका अधिक, कारण फाइल तयार होतानाच तिच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते. माझ्या कार्डावर अशा जोडट्रॅकची एक जोडी आहे आणि ती ऐकल्याशिवाय मी पैसे देत नाही.

८. बॅटरी, कार्ड

दुसरा प्लेअर चौथ्या वर्षी फुगला. बॅटरीच्या दाबानं पडदा एका कडेनं वर आला, आणि बदलून द्यायला कुणी तयार नव्हतं. आता घेतानाच विचारते: बॅटरी बदलता येते का, कोण बदलून देतं? एप्रिलच्या उन्हात गाडीच्या काचेमागे प्लेअर ठेवत नाही, आणि बरेच दिवस वापरायचा नसेल तर अर्धवट चार्ज करून ठेवते.

कार्ड ओळखीच्या दुकानातून, बिल घेऊनच घ्यावं. एकदा रस्त्यावर स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं. ५१२ जीबी दाखवायचं, पण थोडी जागा भरली की पुढच्या फाइली मुक्या. नवं कार्ड काठोकाठ भरून, पुन्हा वाचून तपासणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात. ते चालवायला एक रात्र लागते. खऱ्या २५६ जीबीच्या कार्डात फ्लॅक केलेलं, सीडीच्या दर्जाचं सातशे तासांच्या आसपास संगीत मावतं.

९. ‘मल्लिकार्जुन’ नीट दिसतं का?

दुकानात मी ‘मल्लिकार्जुन’ हे नाव पडद्यावर उघडून पाहते. त्यात जोडाक्षर आहे, पहिली वेलांटी आहे, रफार आहे. स्वतःची साधी प्रणाली असलेल्या बऱ्याच प्लेअरवर वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते, रफार सुटा पडतो, किंवा नुसते चौकोन दिसतात. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरना ही अडचण येत नाही.

त्याहून मोठी अडचण रकान्यांची. कलाकार, अल्बम, गाणं, प्रकार असे चार कप्पे यंत्रानं आधीच ठरवलेले असतात. त्यात राग कुठे ठेवायचा? मी ‘प्रकार’ या कप्प्यात राग लिहिते आणि त्याच्या आधी प्रहराचा आकडा घालते. त्यामुळे यादी आपोआप दिवसाच्या क्रमानं लागते: भैरव, तोडी, शुद्ध सारंग, भीमपलासी, मारवा, यमन, बागेश्री, दरबारी. सगळा साठा असा लावायला मला दोन पावसाळे लागले, आणि प्लेअरवर खर्च केलेल्या कुठल्याही रकमेपेक्षा या कामानं मला जास्त दिलं.

आईकडे जो तिसरा प्लेअर आहे, त्यालाही हीच यादी भरून दिली आहे. त्याला खरी बटणं आहेत. न बघता दाबता येतात, आणि तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. दुपारी चहा झाला की भीमपलासीपासून सुरू करते आणि दिवेलागणीला मारव्यापर्यंत येते. परवा तिचा फोन आला. “अगं, मारवा संपला की एकदम यमन लागतो. मध्ये पूरिया नको का? माझ्या कॅसेटमध्ये होता बघ, निळ्या डब्यातल्या.”

निळा डबा माळ्यावर आहे. रविवारी काढते.