विद्युत मोटारीतील लुकलुकणारे दिवे

राज्याचे विद्युत वाहन धोरण २०२१ साली जाहीर झाले. त्यानंतर शासकीय कार्यालयांच्या आवारातही विद्युत मोटारी दिसू लागल्या. चालकासमोरील फलकावरचे दिवे लुकलुकू लागले, की महागडी मुख्य बॅटरीच बिघडली असा समज होतो. वस्तुतः हा फलक बहुतेक मोटारींत १२ व्होल्टच्या वेगळ्या, लहान बॅटरीवर चालतो. कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतील विजेचा दाब उतरवून ही बॅटरी भारित करतो. मोठ्या बॅटरीला यंत्रणेशी जोडणारे स्विचही याच लहान बॅटरीच्या विजेवर मिटतात. साहजिकच ती पूर्ण उतरली, तर मुख्य बॅटरी भरलेली असूनही मोटार सुरू होत नाही. लुकलुक ही त्याची पूर्वसूचना ठरू शकते.

तपासणीस साधा मल्टिमीटर पुरतो; कार्यालयाच्या गॅरेजमध्ये तो असावयासच हवा. लहान बॅटरी शिसे-आम्लाची असल्यास, काही तास बंद असलेल्या मोटारीत तिचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरावा. तो १२ च्या खाली गेला असल्यास बॅटरी उतरलेली समजावी. मोटार सुरू केल्यावर दाब सामान्यतः १३.५ ते १४.५ पर्यंत चढतो. न चढल्यास दोष कन्व्हर्टरमध्ये किंवा त्याच्या फ्यूजमध्ये शोधावा लागतो. ते काम अधिकृत तंत्रज्ञाचे. दाब योग्य असून दिवे खड्ड्यागणिक लुकलुकत असतील, तर टर्मिनल सैल अथवा गंजलेले आहे काय, अर्थिंगची तार घट्ट आहे काय, हे पाहावे. नारिंगी आवरणाच्या तारांना मात्र हात लावू नये. त्यांतील दाब प्राणघातक असतो.