मोटरहोम रात्री कुठे लावावी?

प्रश्न : आम्ही मुलांसह मोटरहोमने कोकणमार्गे गोव्याला जाणार आहोत. रात्री गाडी कुठे लावणे सुरक्षित?

उत्तर : जागा उजेडातच ठरवा. एमटीडीसीचे पर्यटक निवास, घरगुती निवासाचे आवार किंवा २४ तास सुरू असलेला पेट्रोल पंप चांगला. पण परवानगी आधी घ्या आणि पंपावर गॅस पेटवू नका. महामार्गाच्या कडेला मुळीच झोपू नका. भरधाव ट्रकला अंधारात उभी गाडी वेळेत दिसत नाही. पुळणीवरही नको : ओहोटीनंतर सुमारे ६ तासांत पूर्ण भरती येते आणि ओल्या वाळूत चाके रुततात. पावसाळ्यात दरडीखालची जागा व नदीकाठ टाळा. गाडीचे तोंड रस्त्याकडे ठेवा, ठिकाण घरी कळवा. अडचणीत ११२ वर फोन करा.